सोमवारची हवा

त्या बेटावर हवामान म्हणजे रोजचा ठरलेला कार्यक्रम होता. सकाळी सहाला समुद्रावरून गार वारा यायचा, नऊला ऊन चांगलं तापायचं, दुपारी दोनला सगळं गाव आडवं व्हायचं आणि चारच्या ठोक्याला एक सर यायची. मोजून वीस मिनिटं! रस्ते, छपरं, झाडं, सायकली, सगळं लख्ख धुऊन निघून जायची आणि मागे असं कोवळं ऊन पडायचं की भांडायला उठलेला माणूससुद्धा जरा वेळ खिडकीत उभा राहावा. न्हावी चारची गिऱ्हाइकं साडेचारलाच बोलवायचा. अशा ठिकाणी हवामान सांगायला सरकारनं पगार देऊन खास माणूस नेमावा, याचं बेटावरच्या लोकांना भारी कौतुक.

त्या माणसाला सगळे पर्जन्यराव म्हणत. खरं नाव होतं, पण ते फक्त पगारपत्रकावर. काम साधं होतं. झडपांची एक पांढरी लाकडी पेटी, तिच्यात तापमान दाखवणारे दोन पारे. एक कोरडा, दुसऱ्याच्या बुडाशी ओलं फडकं गुंडाळलेलं. दोघांच्या आकड्यांत फरक जितका कमी, तितकी हवा दमट. सकाळी आठला हे आकडे वाचायचे, समुद्रापल्याडच्या मोठ्या ऑफिसात मोठ्या साहेबांना फोनवर कळवायचे, त्यांनी दिलेला अंदाज ऐकायचा आणि धक्क्यावरच्या काळ्या फळ्यावर खडूनं लिहायचा. खाली त्या दिवशीचा कार्यक्रमही लिहायचा, कारण फळा एकच होता. "वारा मध्यम. चारला सर. संध्याकाळी शाळेत गाण्यांची स्पर्धा, खुर्ची घरून आणावी." लोक वरची ओळ सोडून खालचीच वाचत. मात्र क्वचित कधी वादळ येणार असलं आणि फळ्यावर 'इशारा' हा शब्द आला की बंदरसाहेब एकही होडी पाण्यात उतरू देत नसत. तेवढ्यापुरता पर्जन्यरावांचा खडू सगळ्या बेटावर भारी होता.

आता खरी गंमत त्या पेटीची. ती मुळात टेकडीवर होती, दोनशे दहा पायऱ्या चढून. बदली होऊन आल्यावर चार महिने पर्जन्यराव इमानेइतबारे चढले. मग एके दिवशी शेवाळावर पाय सटकला आणि ते सतरा पायऱ्या बसल्या बसल्या खाली आले. आठ दिवस त्यांना धड बसता येईना. त्यांनी पेटी खाली आणली. तात्पुरती हं! मोठ्या ऑफिसला काय कळवायचं, आठ दिवसांचा तर प्रश्न. त्या आठ दिवसांना आता आठ महिने झाले होते.

पेटी ठेवली ती मावशींच्या अंगणात, कारण मावशींच्याच मागच्या खोलीत ते भाड्यानं राहत. मावशींची लाँड्री होती. दंड लोहाराचे, जीभ वकिलाची आणि मन असं मोठं की आल्यागेल्याला घोटभर चहा पाजल्याशिवाय सोडायच्या नाहीत. "ठेवा की पेटी," त्या म्हणाल्या होत्या. "ती काय खायला मागतेय? फक्त माझ्या दोरीच्या आड येऊ देऊ नका."

दोरीच्या आड पेटी आली नाही. पेटीच्या आड दोरी आली, आणि ते कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

झालं काय, की मोठ्या साहेबांना आकड्यांत एक चमत्कार दिसला. हे बेट दर सोमवारी दमट व्हायचं! मंगळवारी सत्तर टक्के, बुधवारी एकाहत्तर, आणि सोमवार आला की एकदम पंच्याण्णव. आठवड्याच्या वारावर हवा चालते हे जगात कुणी पाहिलं नव्हतं. साहेब हरखून गेले. त्यांनी त्यावर एकोणीस पानांचं टिपण लिहिलं. वर पर्जन्यरावांना सांगितलं, "तुमच्यासारखा काटेकोर माणूस मला इथं हवा. या सोमवारच्या हवेचा आपण दोघं मिळून छडा लावू. महिनाअखेर बदलीचा हुकूम काढतो."

बदली म्हणजे घर! बायको आणि सहा वर्षांची लेक तिकडे मोठ्या शहरात होत्या. लेकीचे पुढचे दोन दात पडले होते, ते पर्जन्यरावांनी फोनवरच ऐकले होते, कारण ती 'स'चा 'श' करून बोलायला लागली होती. फोन ठेवल्यावर ते अंगणात येऊन एकटेच हसत सुटले. मावशींनी पाहिलं आणि चहात जास्तीची साखर घातली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी बेटाचा वर्षातला मोठा दिवस आला. रविवारी होड्यांची शर्यत, मागोमाग बॅंड आणि मिरवणूक. धक्का कागदी पताकांनी भरून गेला, प्रत्येक घराचा दरवाजा रंगवला गेला, आणि ज्यांच्यात वर्षभर बोलणं नव्हतं ते शेजारी एकाच शिडीवर चढून दिवे बांधत होते. पर्जन्यराव हे सगळं बघत तोंड उघडं टाकून हिंडत. या लोकांना आनंद करायला कारण लागत नव्हतं, फक्त तारीख लागत होती.

शर्यतीत बायकांची एक होडी होती, आणि तिच्या सुकाणूवर मावशी. दोन वर्षं वादळाच्या इशाऱ्यानं शर्यतच झाली नव्हती. यंदा मावशींचा खांदा बोलायला लागला होता. डॉक्टरनं सांगितलं होतं, हे शेवटचं. पुढच्या वर्षी सुकाणू धरायचं नाव काढायचं नाही. मावशींनी ही गोष्ट होडीतल्या बायकांना सांगितली नव्हती. औषधाची चिठ्ठी वाचून दाखवायला पर्जन्यराव लागले, म्हणून त्यांना माहीत.

शनिवारी आठला पर्जन्यरावांनी पेटी उघडली. शहाण्णव.

त्यांनी डोळे चोळून पुन्हा पाहिलं. शहाण्णवच. फोन लावला. पलीकडे मोठे साहेब गंभीर झाले. "आमच्याकडे चित्र अर्धवट आहे. ढग बेटाच्या काठाशी घुटमळताहेत. तुमच्या आकड्यावरच अडलं होतं. शहाण्णव म्हणजे उद्या जोरदार. नऊला लिहा फळ्यावर, इशारा. आणि काय हो, आज तर शनिवार! सोमवारचा आकडा शनिवारी कसा?"

"बघतो साहेब," म्हणून पर्जन्यरावांनी फोन ठेवला आणि मान वर केली.

समोर बॅंडचे बत्तीस पांढरे कोट आणि बत्तीस पांढऱ्या पॅंट वाऱ्यावर डुलत होत्या. पेटीपासून दोन हातांवर. वारा त्यांच्यातून निघून थेट झडपांत शिरत होता.

"मावशी," त्यांनी हाक मारली. "सोमवारी इथं काय वाळत घालता?"

"सोमवारी? दवाखान्याच्या चादरी. साठ. का हो, तोंड असं का पांढरं पडलंय?"

पर्जन्यराव पायरीवर बसले. आठ महिने त्यांनी बेटाची हवा मोजलीच नव्हती. मावशींचं धुणं मोजलं होतं. आणि त्या धुण्यावर एकोणीस पानं लिहून झाली होती.

मावशींना सगळं समजायला दोन मिनिटं लागली. आधी त्या पोट धरधरून हसल्या. मग हसू आवरून कोटाची बाही चाचपली. "ही बघा, सहाला घातलेत, आत्ताच निम्मे सुकले. शहाण्णवाच्या हवेत असे सुकतात होय? उद्या काही मोठा पाऊस नाही. चारची सर येईल, बस्स. मी काढते कपडे, तुम्ही पुन्हा बघा तुमचे पारे."

पर्जन्यराव पुन्हा बघणार नव्हते. दोन सुटे पारे बसवलेला, हातानं फिरवून हवा मोजायचा दांडा त्यांनी पेटीतून उचलला आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा त्या दोनशे दहा पायऱ्या धापा टाकत चढले. वर मोकळ्यावर दांडा गरगर फिरवला, पारे वाचले. एकाहत्तर. खाली धक्क्यावर पताका फडफडत होत्या आणि बायकांची होडी रंगवून उलटी ठेवलेली दिसत होती.

खाली येऊन फोन लावला. साहेब म्हणाले, "तासाभरात शहाण्णवाचे एकाहत्तर? असं होत नाही. कारण द्या. नोंदीत कारण लिहिल्याशिवाय मला इशारा मागे घेता येत नाही. पाच मिनिटांनी फोन करा."

कारण! कारण सांगितलं की सोमवारची हवा संपली, एकोणीस पानं संपली, आणि त्यांच्याबरोबर बदलीही संपली. पर्जन्यरावांनी खडू उचलला, परत खाली ठेवला. मावशी दारात उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"लिहा इशारा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"लिहा म्हणते ना. शर्यत काय, पुढच्या वर्षी आहेच. पोरीचे दात पुढच्या वर्षी थांबणारेत का? तुम्ही घरी जा. मी दोरी बदलून घेईन, कुणाला कळायचं नाही."

"आणि तुमचा खांदा?"

"खांद्याचं काय एवढं? बसून बघेन काठावरून." असं म्हणून त्या वळल्या आणि सुकलेले कोट काढायला लागल्या. एकेक कोट झटकत होत्या, घडी घालत होत्या, आणि एकदाही मागे बघत नव्हत्या.

पर्जन्यरावांनी फोन पुढे ओढला. दोन वर्षं थांबलेली बाई एका भाडेकरूसाठी आपली शेवटची शर्यत अशी घडी घालून ठेवून देते! आणि आपण? आपल्याला पायऱ्या चढायचा कंटाळा आला होता, बस्स एवढंच. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की फोनचे आकडे फिरवताना बोट दोनदा चुकलं.

"साहेब, कारण सांगतो," ते म्हणाले. "पेटी टेकडीवर नाही. आठ महिने लाँड्रीच्या अंगणात आहे. मी आणली, न कळवता. सोमवारी तिथं दवाखान्याच्या चादरी वाळतात. साठ. आज बॅंडचे कपडे होते."

मावशी हातातला कोट तसाच धरून थांबल्या.

"चादरी," साहेब शेवटी म्हणाले.

"हो साहेब."

"मी पुढच्या आठवड्यात ते टिपण तीस जणांसमोर वाचणार होतो." "एकाहत्तर टेकडीवरचे?"

"आत्ता स्वतः चढून आलो."

"मग लिहा. वारा मध्यम, चारला सर. बदलीचं विसरा. सोमवारी आठच्या आत पेटी वर गेली पाहिजे. वर्षभर खरे आकडे द्या, मग बघू." आणि फोन खाडकन आपटला.

नऊला पर्जन्यरावांनी फळ्यावर लिहिलं: "वारा मध्यम. चारला सर. उद्या शर्यत." बंदरसाहेबांनी ते वाचून शिट्टीच वाजवली.  मावशी मात्र संध्याकाळी चहाचा कप पुढे ठेवत एवढंच म्हणाल्या, "तुम्ही वेडे आहात." आणि पदरानं डोळे पुसले.

रात्रीपर्यंत न थांबता पर्जन्यरावांनी घरी फोन केला. अजून एक वर्ष इथंच, असं त्यांनी सांगितलं. बायकोनं विचारलं, "किती पायऱ्या म्हणालात?"

"दोनशे दहा."

"सुट्टी लागली की येतो आम्ही. मोजूनच बघते, खरं सांगताय का ते. आता तुमचा काही भरवसा नाही." आणि ती हसली. ते हसू ऐकल्यावर मग पर्जन्यरावांना रडू आलं.

रविवारी अख्खं बेट धक्क्यावर. काय ते रंग, काय तो कल्ला! म्हातारी माणसं खुर्च्यांसकट पाण्यात पाय सोडून बसली होती. बायकांची होडी निघाली तेव्हा मावशी सुकाणूवर ताठ उभ्या, पदर खोचलेला, आवाज असा की काठावरचे सगळे गप्प. बरोबर चारला सर आली. कुणी हललं नाही. भर पावसात, पांढऱ्या धारांतून ती होडी पुढे आली, तिसरी आली, आणि मावशींनी दोन्ही हात वर करून अशी आरोळी दिली की पहिल्या आलेल्यांनीसुद्धा त्यांनाच टाळ्या वाजवल्या. पर्जन्यराव छत्री विसरून ओलेचिंब होऊन ओरडत होते. त्यांचा घसा तीन दिवस बसला.

सोमवारी सकाळी पेटी वर न्यायची होती. पर्जन्यराव एकटेच खांद्यावर घ्यायला गेले, तर दारात बॅंड हजर! बत्तीसच्या बत्तीस, पांढऱ्या कोटांत. "कपडे नाहीतरी धुवायलाच टाकायचेत," बॅंडमास्तर म्हणाला. "तेवढ्यात एक फेरी होऊन जाऊ दे." मग काय, पेटी चौघांच्या खांद्यावर, पुढे वाजंत्री, मागे निम्मं गाव, आणि सतराव्या पायरीशी सगळ्यांनी थांबून पर्जन्यरावांना विचारलं, "इथून का हो?"

पेटीबरोबर फोनही वर नेऊन तिथल्या जुन्या तारेला जोडला होता; आठला वरून तो लागला. साहेबांनी पहिल्याच घंटेला उचलला.

"सोमवार आहे. किती?"

"बहात्तर, साहेब," पर्जन्यराव बसलेल्या घशानं म्हणाले.

पलीकडे पेन कागदावर टेकल्याचा आवाज आला, पण लिहिल्याचा आला नाही. "खाली काय दिसतंय? त्या चादरी?"

पर्जन्यरावांनी वाकून पाहिलं. खाली अंगणात साठ चादरी वाऱ्यावर भरून आल्या होत्या, आणि मावशी डावा खांदा सांभाळत उजव्या हातानं शेवटची चाचपून बघत होत्या. वर बघून त्यांनी हात हलवला.

"निम्म्या वाळल्यात, साहेब. आत्ताच."

"ठीक," मोठे साहेब म्हणाले. "मग लिहितो बहात्तर. आणि उद्यापासून आकड्याबरोबर तेही सांगत चला."