साहेबांनी खोचलेली वायर

मित्रांनो, चोवीस तोंडांचा एक जुना लोखंडी डबा तुमच्याशी बोलतो आहे. मला स्विच म्हणतात. रक्त तपासणाऱ्या एका लॅबच्या नोंदणी खोलीत नऊ वर्षं मी भिंतीला टांगलेला आहे. एका कॉम्प्युटरचा निरोप घ्यायचा आणि ज्याचा त्याला पोचवायचा, हे माझं काम. नवा होतो तेव्हा कौतुक झालं. मग धूळ बसली. चालणाऱ्या वस्तूकडे कुणी बघत नाही. बंद पडली की शिव्या घालतात.

माझ्याकडे नीट बघितलं ते फक्त प्रिंटरवाल्या काकांनी. अकरा वर्षं त्यांनी अडकलेले कागद ओढले, शाई भरली, मेलेले माउस बदलले. काकांच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी लॅबच्या साहेबांनी फर्मान काढलं, "नेटवर्कची परीक्षा पास व्हा, नाहीतर महिनाअखेरीस घरी बसा."

काका जेवणाच्या सुट्टीत वही घेऊन माझ्यासमोर बसत. "प्रत्येक मशिनाला स्वतःचा पत्ता. दोघांचा पत्ता एकच झाला की भांडण."

"आमच्या जावांसारखंच की!" नोंदणीच्या ताई हसत.

"हसा, हसा. पण एकाच वायरीची दोन्ही टोकं ह्याच्यात खोचली ना, तर निरोप गोल गोल फिरत राहतो, फुगत जातो. सगळं ठप्प!"

त्यांनी माझ्या प्रत्येक वायरीला चिठ्ठी चिकटवली. काय सुबक अक्षर होतं!

परीक्षेच्या दिवशी सकाळी लॅब बघायला पाहुणे येणार होते. साहेबांना चिठ्ठ्या घाणेरड्या वाटल्या. त्यांनी त्या फाडल्या. एका वायरीचं टोक लोंबकळत होतं, ते माझ्या रिकाम्या तोंडात कोंबलं. तिचं दुसरं टोक आधीच माझ्यात होतं.

माझे सगळे दिवे पिसाटासारखे लुकलुकायला लागले. रिपोर्ट थांबले. खिडकीपाशी रांग ओरडायला लागली. काका पिशवी खांद्याला लावून निघतच होते. परीक्षा अकराला, केंद्र तासाभराच्या वाटेवर. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि ओळखलं.

"साहेब, वायर फिरून ह्याच्यातच आलीये. दोन मिनिटं द्या."

"हात लावायचा नाही! पास झालात का अजून? बाहेरची इंटरनेटची लाइन गेलीये. कंपनीला फोन लावा. आणि लाइन येईपर्यंत इथून हलायचं नाही."

फोनवर गाणं वाजत राहिलं. काका घड्याळ बघत राहिले. सव्वाअकराला कंपनीची बाई म्हणाली, लाइन ठणठणीत आहे. तेव्हा कुठे ताईंना धीर झाला. त्या कुजबुजल्या, "काका, सकाळी साहेबच इथं काहीतरी खोचत होते."

काकांनी बोटानं माग काढला आणि ती वायर उपटली. माझे दिवे शांत झाले. रिपोर्ट धावायला लागले.

साहेब पाहुण्यांना म्हणाले, "आमची माणसं तरबेज आहेत."

महिनाअखेरीस काकांच्या हातात कामावरून काढल्याचा कागद पडला. कारण: परीक्षेला गैरहजर.

"साहेब, त्या दिवशी मी कुठे होतो?"

"ते मला माहीत आहे हो. पण नियम म्हणजे नियम."

काकांनी कागदाची घडी घातली आणि ते गेले. भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

मित्रांनो, आता 'वस्तू जपा' असं मी म्हणायला हवं. नका जपू. मी पत्रा आहे, भंगारात जाईन. पण ज्याला काम येतं त्याचा हात अडवू नका. तुम्ही ऐकाल, अशी मला आशा नाही. मी चोवीस दिव्यांनी बोंबलत होतो, आणि साहेब दोन पावलांवर उभे होते.