शिगेहारुंचा धागा

आमच्याकडे जपानात माणूस संतापाने फुटला की ‘किरेरु’ म्हणतात. आतला धागा तटकन तुटणं. आमच्या ह्यांना, शिगेहारुंना, हा धागाच नव्हता. बत्तीस वर्षं मोठ्या दुकानाच्या तक्रार-खिडकीवर बसून त्यांनी लोकांची बोलणी खाल्ली आणि कमरेत वाकून माफी मागितली. निवृत्त झाले, पण खिडकी काही बंद झाली नाही. मी मुद्दाम मिसो सूप खारट केलं, तर वाकून म्हणाले, "आपल्याला त्रास झाला, क्षमस्व." खारट मी केलं होतं! मला भांडायला नवरा हवा होता आणि घरात कारकून बसला होता.

त्यांचा जीव एका डब्यात होता. भाज्या मुरवायचा, तांदळाच्या कोंड्याचा, सासूबाईंच्या हातचा डबा. सासूबाईंनी मला त्याला कधी हात लावू दिला नाही. त्या गेल्यावर हे रोज कोपरापर्यंत हात घालून तो कोंडा कालवायचे.

गेले दोन दिवस हे तापाने अंथरुणात होते. आज सकाळी मी झाकण उघडलं तर वर पांढरा थर. बुरशी लागली म्हणून मी सगळा कोंडा कचऱ्याच्या पिशवीत भरला, नियमाप्रमाणे वर आडनाव लिहिलं आणि कोपऱ्यावर ठेवून आले. तेवढ्यात हे उठले आणि रिकामा डबा बघून पांढरेफटक पडले.

"थर आला की कालवायचा असतो, टाकायचा नसतो! इतकी वर्षं ह्या घरात काढलीस, डोळे फुटले होते का तुझे? आईचा कोंडा होता तो!"

आणि संडासातल्या सपाता घालूनच ते धावत सुटले. कचऱ्याची गाडी आलीच होती. शेजारच्या कुरामोची बाईंनी गाडीत टाकायला उचललेली आमची पिशवी ह्यांनी त्यांच्या हातातून ओढून घेतली म्हणे, आणि तेही न वाकता.

पिशवी पोटाशी धरून ते परतले. मी मनातून फार खूश होते. मला बघून त्यांची कंबर सवयीने वाकायला लागली.

"वाकलात तर पिशवी परत ठेवून येईन," मी म्हटलं.

ते अर्ध्यातच थांबले. मग कोंडा डब्यात ओतून त्यांनी डबा माझ्यापुढे सरकवला. मी बाही वर केली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यात हात घातला. कोंडा थंडगार होता.

"तळापासून कालव," हे खेकसले.

इतकं गोड मला त्यांनी कधीच काही म्हटलं नव्हतं.