यजमान कोण?

माझं नाव क्षमा. घरच्यांनी ठेवलं, त्याला मी काय करणार. मला राग लवकर येतो आणि आला की जात नाही. हे सगळंही मी रागातच सांगणार आहे.

आमची मंडळी बंगळुरात तीनशे वर्षांपासून आहेत. एवढ्या काळात आमच्या मराठीत कन्नड इतकं मुरलंय की पुण्याचे पाहुणे ऐकून हसतात. हसोत बापडे. वडील हणमंतराव, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, सरकारी कचेरीत सुपरिंटेंडेंट होते आणि निवृत्ती जवळ आली होती. दुसऱ्याच्या टेबलावरची पेन्सिल चुकून घरी आली तर दुसऱ्या दिवशी परत नेऊन ठेवणारा माणूस.

आणि त्यांच्या पोटी माझा धाकटा भाऊ गिरीराज. इंदिरानगरातल्या आमच्या घराच्या गच्चीवर त्याने केबलचा धंदा थाटला. गच्चीत डिश, वरच्या खोलीत दोन व्हीसीआर आणि तिथून आसपासच्या गल्ल्यांत, झाडांवरून, खांबांवरून वायरी. बाहेरच्या वाहिन्या सगळेच केबलवाले देत. गिरीने स्वतःची एक काढली आणि तिच्यावर दुपारभर जपानी कार्टून लावायला लागला. कॅसेटी मद्रासहून यायच्या, नकलेची नकल. बोलणं जपानी आणि खाली इंग्रजी अक्षरं. नेमकी त्या अक्षरांवरूनच गिरीची जाहिरातींची पट्टी सरकायची. साड्यांचं दुकान, ट्यूशन क्लास, उभ्याने खायचं नवं दर्शिनी हॉटेल. त्यामुळे पडद्यावरचे लोक काय बोलतात ते गल्लीतल्या एकाही पोराला कधी कळलं नाही. पोरांनी आपापली गोष्ट कन्नडात रचली आणि त्यातच ती खूश होती.

"ज्याने हे काढलं त्याला विचारलंस का?" मी एकदा गिरीला म्हटलं.

"अक्का, तो जपानात बसलाय. त्याला कुठे विचारू? आणि मी विकतो का? फुकट दाखवतो. पैसे दुकानवाले देतात."

"मग जबाबदारी त्यांची?"

"ते म्हणतात, आम्ही फक्त जाहिरात दिली. कॅसेटवाला म्हणतो, मी फक्त कॅसेट दिली." तो हसला. "कुणाचंच नाही ते. म्हणून तर चाललंय."

चोरावर मोर म्हणतात ते हेच. अण्णांना हा उद्योग पसंत नव्हता. पण "स्वल्प दिवस कर, मग नोकरी बघ," एवढंच बोलून ते वर्तमानपत्रात डोकं घालायचे. मी कॉलेजातून अर्धा तास उशिरा आले की हाच माणूस फाटकात उभा असायचा. मुलग्यांसाठी आमच्याकडे कायदा वेगळा.

मुंबईच्या एका कंपनीने त्या कार्टूनचे हक्क रीतसर विकत घेतले होते. तिने तक्रार केली आणि महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी पोलिस आमच्या दारात आले. कचेरीला सुट्टी होती, अण्णा जेवून आडवे झाले होते. मी आणि आई पुढच्या खोलीत डाळ निवडत बसलो होतो.

इन्स्पेक्टरने आईला कन्नडात विचारलं, "यजमानरु यारु?"

यजमान कोण? आता यजमान म्हणजे मालक आणि यजमान म्हणजे नवराही. कन्नडात तसंच आणि आमच्या घरातही तसंच. माझी आई, सकवारबाई, हिने लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव तोंडातून काढलेलं नाही. रेशनच्या दुकानात नाव सांगायची वेळ आली तर ती मला पुढे ढकलते. यजमान या शब्दाचा तिच्या लेखी एकच अर्थ.

"आत झोपलेत," ती म्हणाली.

"तेच यजमान ना?"

"हौदु. आणखी कोण असणार?" असा प्रश्न विचारणं हाच तिला अपमान वाटला.

मी उठून "सार, तसं नाही, हे भावाचं आहे" म्हणेपर्यंत दोन शिपाई आत गेले होते. अण्णा शर्टाची बटणं लावत बाहेर आले. जिन्यावरून व्हीसीआर उतरताना दिसले तेव्हा त्यांना सगळं उमगलं. ते बोलणार, तेवढ्यात त्यांची नजर फाटकाबाहेर गेली. मीही तिकडे पाहिलं. खांद्यावर वायरीचं वेटोळं घेऊन गिरी रस्त्यात उभा होता. बापलेकांची नजरानजर झाली. मग गिरी पाठ फिरवून चालायला लागला आणि अण्णांनी तोंड मिटलं.

"तुमची मुलगी म्हणते, मुलाचा धंदा. बायको म्हणते, तुमचा. तुम्ही सांगा," इन्स्पेक्टर म्हणाला.

अण्णा काही बोलले नाहीत. मौनाचा अर्थ काय लावायचा हे पोलिसांना शिकवावं लागत नाही.

सोमवारी संध्याकाळी जामीन होईपर्यंत ते कोठडीत होते. सरकारी नोकर दोन दिवसांहून जास्त कोठडीत राहिला की आपोआप निलंबित होतो. गिरी तोवर हेब्बाळला मित्राकडे लपला होता. अण्णा घरी आल्याचं कळल्यावर तो आला, त्यांच्या पायावर डोकं ठेवून रडला. "जेवलास का?" अण्णांनी विचारलं. त्यांच्या जागी मी असते तर ताट भिरकावलं असतं.

पुढे कचेरीने चौकशी लावली. आरोप, सरकारी नोकरीत असताना खाजगी धंदा केला. सिद्ध झाला तर बडतर्फी, पेन्शनही नाही, आणि आयुष्यभर सांभाळलेल्या नावाला काळिमा. मी जबाब दिला, पण मुलगी बापाला वाचवणारच, असं कचेरीच्या बाजूने मांडणाऱ्याने म्हटलं. शेजाऱ्यांना सगळं ठाऊक होतं, पण कुणाला ही भानगड नको होती. उरली आई. पोलिसांना जे सांगितलं ते तिनेच, तेव्हा खुलासाही तिनेच करायचा. आपण नवरा या अर्थाने बोललो आणि धंदा गिरीचा होता, एवढं तिने म्हटलं की अण्णा सुटत होते. मग गुन्हा मात्र गिरीवर येणार होता आणि त्यात तुरुंग होता. त्याचं लग्न नुकतंच भव्या नावाच्या मुलीशी ठरलं होतं.

अण्णा स्वतःच्या तोंडाने पोराविरुद्ध बोलणार नव्हते. पण आईने बोलावं असं त्यांना फार वाटत होतं. चौकशीच्या सकाळी त्यांनी कचेरीचा शर्ट स्वतः इस्त्री केला. "तुझी आई आज बोलली की झालं," ते मला म्हणाले. कित्येक दिवसांनी त्यांच्या आवाजात उमेद होती. मी स्वयंपाकघरात जाऊन आईला म्हटलं, खरं ते सांग, बाकी काही करू नकोस. "सरी, बरं," ती म्हणाली आणि भांडी विसळत राहिली.

चौकशी अधिकारी राजलक्ष्मी मॅडम म्हणून होत्या. बाई सज्जन होती. तिने आईला पाणी दिलं आणि कन्नडात हळूहळू विचारलं. "अम्मा, त्या दिवशी पोलिसांनी यजमान विचारलं तेव्हा तुम्हाला नवरा असं वाटलं का?"

आईने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"बरं, तो शब्दच नको. केबलचा धंदा कुणाचा होता? फक्त नाव सांगा."

अण्णा खुर्चीत पुढे सरकले. मी मागच्या बाकावर होते, मला आईचा चेहरा दिसत नव्हता. तिने पदर खांद्यावरून ओढून घेतला.

"हणमंतराव," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही की हे आई बोलली. ते नाव त्या आवाजात मी कधी ऐकलं नव्हतं. अण्णांनीही नसेल.

मॅडमनी लेखणी थांबवली. "नीट विचार करून सांगा, अम्मा. यांची नोकरी जाईल."

"हणमंतराव," आई पुन्हा म्हणाली, आता जरा मोठ्याने.

त्या क्षणी मला तिचा जेवढा राग आला तेवढा गिरीचाही कधी आला नव्हता. मॅडम अण्णांकडे वळल्या. पत्नीच्या जबाबावर त्यांना काही म्हणायचं आहे का, असं त्यांनी विचारलं. अण्णांनी आईकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती.

"नाही," अण्णा म्हणाले. "ती खोटं बोलत नाही."