जांभळा किमोनो

फ्राऊ ब्रुकनरनी फ्रेममधलं चित्र खिडकीपाशी नेलं, चष्मा खालीवर केला आणि म्हणाल्या, "हे माझं नाही."

खालच्या मजल्यावरच्या या बाई कंबरेचं हाड मोडून एप्रिलमध्ये हॉस्पिटलात आणि तिथून मुलीकडे गेल्या, तेव्हा चित्राची चपटी पेटी त्यांनी मोठ्या विश्वासानं वरच्या स्वरूपाच्या स्वाधीन केली होती; आता उन्हाळा संपल्यावर त्या परतल्या होत्या. आत हारुनोबू या चित्रकाराचं, लाकडी ठशांनी छापलेलं अडीचशे वर्षांपूर्वीचं जपानी चित्र: बारीक मनगटांची, वाऱ्यानं उडेल अशी एक मुलगी.

"हे बघा, माझ्या चित्रातल्या मुलीचा किमोनो जांभळा होता. हिचा मातकट आहे."

स्वरूपाला काही आठवेना. रोज समोर असलेल्या चित्राचा रंग कोण निरखून बघतं? पण बाईंच्या नजरेतला प्रश्न तिला बरोबर कळला. जर्मनीतल्या या येनामध्ये इतक्या वर्षांत कमावलेली अब्रू अशी चव्हाट्यावर येणार, या भीतीनं तिचं डोकं भराभर चालू लागलं आणि सरळ रोहनपाशी जाऊन थांबलं.

रोहन हा तिचा धाकटा दीर. इंगोलश्टाटला गाड्यांची इंजिनं सांभाळतो आणि सुट्टीत जपानी चित्रांच्या मागे वेड्यासारखा फिरतो. मे महिन्यात राहायला आला तेव्हा तिनंच कौतुकानं पेटी उघडून दाखवली होती. मग काय विचारता, तो सुरूच झाला! हारुनोबू नुसता रेखाटायचा, लाकूड कोरणारा वेगळा, छापणारा आणखी वेगळा. हारुनोबूच्या आयुष्याबद्दल मात्र कुणाला फारसं काही ठाऊक नाही. स्वारीचं जेवण थंड होऊन गेलं. वर म्हणाला होता, "वहिनी, टोकियोत अजून नवे ठोकळे कोरून सेम टू सेम छापतात. शेजारी ठेवलं तरी तुम्हाला कळणार नाही."

तेव्हा ती हसली होती. आता तिला सगळंच जुळताना दिसायला लागलं. दिवसभर घरात तो एकटा. शिवाय त्याच्याजवळची पोस्टर गुंडाळून न्यायची ती लांब नळी! तिनं तिथल्या तिथे बाईंना दिराचं नाव सांगून टाकलं.

संध्याकाळी तिचा नवरा गुरुदत्त चिडला. "अगं, माझा भाऊ आहे तो!"

"म्हणूनच तुला दिसत नाही," ती म्हणाली आणि तिनं फोन लावला. "रोहन, खरं सांग. चित्र बदललंस का?"

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "वहिनी, उद्या येतो."

ही शांततासुद्धा तिनं पुराव्यात जमा केली. खरा असता तर भांडला असता, असं ती नवऱ्याला दोनदा ऐकवून झोपली.

दुसऱ्या दिवशी चौघं बाईंच्या टेबलाभोवती बसली. रोहननं कुणाकडे न बघता विचारलं, "फ्रेम कुणी केली?"

"मी. तू गेल्यावर," स्वरूपा ताठ्यात म्हणाली. "बाईंना सरप्राइज म्हणून. इतकं सुंदर चित्र पेटीत कोंडून ठेवायचं का? भिंतीवरचा आमच्या लग्नाचा फोटो काढून तिथे लावलं मी. दक्षिणेच्या खिडकीसमोर. या देशात जेवढं म्हणून ऊन मिळतं, तेवढं सगळं त्याच भिंतीवर येतं."

रोहननं एक मोठा श्वास सोडला. फ्रेमचे मागचे चाप उघडले आणि चित्राभोवतीचा जाड पुठ्ठा हळूच उचलला. किमोनोच्या बाहीचं टोक पुठ्ठ्याखाली झाकलेलं होतं. बोटभर पट्टी, वांग्याच्या सालीसारखी जांभळी.

"त्या काळचा हा रंग फुलांपासून काढायचे. उन्हात उडतो," तो जर्मनमध्ये म्हणाला. "म्हणून ही चित्रं पेटीत ठेवतात."

बाई त्या पट्टीकडे बघत राहिल्या. "हो," त्या पुटपुटल्या. "माझीच आहे." आणि त्या रडायला लागल्या.

स्वरूपाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुरुदत्त घाईनं भावाला मराठीत म्हणाला, "हिनं मुद्दाम नाही केलं. चुकून झालंय."

"चित्राचं चुकून झालं," स्वरूपा म्हणाली. "रोहनचं नाही. त्याला मी ठरवून चोर केलं."

मग बाईंना कळावं म्हणून तिनं तेच जर्मनमध्ये पुन्हा सांगितलं.

रोहन फ्रेमचे चाप एकेक करून परत बसवत होता. त्यानं मान वर केली नाही.