अख्खी बाटली

टेबलावर चार वस्तू होत्या: गाडीचा जुना कागदी एअर फिल्टर, धुण्याच्या द्रावाची अर्धी बाटली, घडीही न मोडलेली सूचनापत्रिका आणि तेलाची रिकामी बाटली. भाचीने पत्रिका आज पहिल्यांदा उघडली. तेल थेंबाथेंबाने द्या, ही बाटली पाच वेळा पुरते, असं तिसऱ्या ओळीत होतं. मागच्या महिन्यात तिने मामाच्या गाडीचा नवा कापडी फिल्टर एका दमात तेलाने न्हाऊ घातला होता. जितकं तेल जास्त, तितकी धूळ अडेल, असा तिचा तर्क.

तेव्हापासून गाडी चढावर धापा टाकत होती. मामाने खापर फोडलं मिस्त्रींवर, शाळेपासूनच्या मित्रावर. कारण त्याच आठवड्यात गाडी त्यांच्याकडे सर्व्हिसिंगला गेली होती.

"हात चालत नाहीत आता त्याचे, पण कबूल कोण करणार?" बूट घालताना मामा म्हणाला. "आज शेवटचं. उद्यापासून दुसरं गॅरेज."

"मीही येते," भाची म्हणाली.

मिस्त्रींची एक सवय होती. गाडी ठणठणीत असताना उभ्या जागी तिचं इंजिन सेकंदाला किती ग्रॅम हवा ओढतं, ते बॉनेटच्या आत चिकटपट्टीवर लिहून ठेवायचं. पट्टीवर २.४ होतं. हातातल्या मीटरवर १.७.

"हवा मोजणारा सेन्सर कमी दाखवतोय," ते म्हणाले. "का, ते सापडत नाही. माझंच काही राहिलं असेल बाबा."

"आत्ता कसं बोललास," मामा म्हणाला.

"मामा, त्यांना नको बोलूस. फिल्टरला मी अख्खी बाटली तेल पाजलंय."

मिस्त्रींनी चष्मा वर केला. "अगं, फिल्टर होता का पहिलवान, एवढं मालिश करायला?"

मामा हसला नाही. "आणि महिनाभर गप्प बसलीस?"

"शंका होती. म्हणून तर पत्रिका उघडली नाही."

"तेल उडून सेन्सरच्या तारेवर बसतं म्हणतात," मिस्त्री म्हणाले. "काही जण म्हणतात, नुसत्या गप्पा. फिल्टर बदलून बघू."

"फिल्टर तोच राहू द्या," भाची म्हणाली. "आधी फक्त सेन्सर साफ करा. म्हणजे दोष माझ्या तेलाचा की तुमच्या हाताचा, ते नक्की कळेल."

मिस्त्रींनी सेन्सर काढला, फवारा मारला, वाळवून परत बसवला. इंजिन सुरू झालं. मीटर मामाने स्वतः हातात घेतला. आकडा थोडा खालीवर झाला आणि स्थिरावला.

२.४.