मीठ बंद

अपर्णाने पट्टा पुन्हा सूर्याजींच्या दंडाला गुंडाळला, फुगा दाबला आणि आकडा बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"आजोबा, बीपी वाढतंच चाललंय. गोळी घेता ना?"

"घेतो की. तोंड वाकडं करून का होईना, घेतो."

डॉक्टर अपर्णा ग्वाल्हेरहून दर महिन्याला या गावात तपासणीला यायची. गावात मराठी घर एकच, सूर्याजींचं. त्यांची बायको उषाताई गेली आणि घरातली मराठीही तिच्यामागे गेली. मुलगा फौजेत लांब, सून गरिमा भिंडकडची, हिंदी बोलणारी. त्यामुळे अपर्णा दिसली की म्हातारा हटूनच बसायचा, मराठीतच बोला म्हणून. बोलायची बिचारी. त्याच ओघात गेल्या खेपेला सुनेलाही सांगून गेली होती, मीठ बंद.

आज तिने गरिमाला विचारलं, "मीठ बंद केलंस ना गं?"

"बिलकुल, दीदी. शक्कर, गुड़, सब बंद. बाबा चाय भी फीकी पीते हैं."

अपर्णाचा हात पट्ट्यावरच थबकला.

"अगं, मीठ म्हणजे नमक. मीठा नव्हे."

गरिमाने स्वयंपाकघराकडे पाहिलं. "नमक? और मैं रोज़ थाली में अचार रखती रही."

दोघींची चूक झाली खरी, पण मीठ म्हणजे काय हे जन्मापासून ठाऊक असलेला माणूस समोरच बसला होता. चहात तीन चमचे साखर लागणारा हा माणूस महिनाभर मुकाट फिका चहा प्यायला होता.

"तुम्हाला तर कळत होतं, आजोबा."

सूर्याजी बाही खाली ओढत राहिले.

"उषाच्या हातचं लिंबाचं लोणचं आहे. शेवटची बरणी. तळाशी थोडं उरलंय. म्हटलं, तेवढं संपू दे."

"आणि त्याआधी झटका आला तर?"

"तर काय, तिच्याकडेच जाईन."

मराठी न येणाऱ्या गरिमाला एवढं मात्र कळलं.

"और मैं, बाबा? मैं इस घर में किससे बोलूँगी?"

सूर्याजींनी ओढलेली बाही पुन्हा वर केली आणि दंड अपर्णासमोर धरला.

संध्याकाळी चहा गोड आला. जेवायला बसले तेव्हा ताटात लोणचं नव्हतं. बरणी वरच्या फळीवर गेली होती, पुसून, झाकण घट्ट लावून. गरिमा पोळी वाढता वाढता थांबली आणि जीभ सांभाळत, शेवटचा 'आ' गिळून म्हणाली,

"बाबा, आज से मीठ बंद."

सूर्याजींचा घास हातातच राहिला. त्या चुलीपाशी हा शब्द बाईच्या आवाजात त्यांनी किती दिवसांनी ऐकला होता.

"पुन्हा म्हण."

"क्या?"

"तोच शब्द."

"मीठ."

त्यांनी पोळीचा तुकडा अळणी डाळीत बुडवला आणि मान खाली घालून जेवू लागले.