लांब वायर

वायरचं टोक मुठीत घट्ट धरून सोमारी उलट्या पावलांनी दुकानाबाहेर पडली, पायरी उतरली, पार रस्त्यावर आली, तरी गुंडाळी संपायचं नाव घेईना.

"ऑटोखाली जाशीन, पोरी!" लियाकतभाई आतून ओरडला. "व्हीसीआर अन् टीव्ही एकाच घरात नं? एवढी लांब काऊन पाह्यजे?"

"दोन टीव्ही हायेत, भाऊ. एक आत, एक बाहेर. साऱ्या गावाले दिसला पाह्यजे! अन् ही वायर वरून घासलेली हाये, तुमच्याकडून दुसरं कोण नेते?"

"जबान हाये का कैची!" हसत हसत त्याने उरलेली वायरही त्याच भावात देऊन टाकली.

चंद्रपूरहून गावापर्यंत सोमारी एसटीत ते वेटोळं गळ्यात घालून बसली होती, निवडणूक जिंकल्यासारखी.

रिंकूच्या बहिणीच्या लग्नाची कॅसेट आली होती. रिंकू म्हणजे सोमारीच्या वर्गातली, जिवाभावाची मैत्रीण. वरातीत सोमारी अशी नाचली होती, की कॅमेरावाल्याने दिवा तिच्यावरून हलवलाच नाही. तिची आई शकुबाई मात्र तेव्हा मागच्या अंगणात भांडी घासत होती. आज आई तो नाच बघणार होती. आपल्या ढिवर मोहल्ल्यात, मासेमारांच्या वस्तीत, सोमारीने घरोघरी सांगून ठेवलं होतं. रिंकूच्या आईने, इंदिराबाईंनी, पैसे देताना एवढंच म्हटलं होतं, "एवढ्यात जेवढी लांब भेटन तेवढी आण."

"हुशार हाये पोरगी," वायर बघून इंदिराबाई खूश झाल्या. "ने आता टोक बाहेर."

सोमारीने ओसरी ओलांडली. अंगणात थांबली.

"अजून हाये नं? मंग ने पुढं."

विहीर मागे पडली. गोठा मागे पडला. उकिरड्याजवळच्या कडुनिंबाशी वायर संपली, आणि तिथेच ड्रम उपडा करून त्यावर दुसरा टीव्ही ठेवला गेला.

दिवस कलताना सोमारी नवी ओढणी घेऊन आत आली. सोयऱ्यांनी खोली भरली होती. रिंकूच्या शेजारी जागा होती. रिंकूने तिच्याकडे न बघता त्या जागेवर उशी ठेवली.

"तुमचा टीव्ही तिकडं हाये नं."

"मी तं इथीच बसतो नेहमी."

"तेव्हा एकच टीव्ही होता, बाई," इंदिराबाई गोड हसल्या. "आता तूच तं एवढी लांब वायर आणली."

सोयऱ्यांपैकी कोणीतरी हसलं. सोमारीही हसली. मग ती बाहेर गेली.

कडुनिंबाखाली सगळा मोहल्ला जमला होता. शकुबाईने पोरीसाठी पोतं झटकून अंथरलं.

"बरं झालं माय, आपल्याले मोकळं बसता येते," ती म्हणाली. "तुहा नाच कधी येते?"

"वरातीत."

व्हीसीआर आतल्या खोलीत होता. तिकडे बटण दाबलं, की इकडचंही चित्र पळायचं. घोडा आला. बँडवाले आले. दिव्याच्या उजेडात चित्रातल्या सोमारीचा हात वर गेला, आणि पडद्यावर आडव्या रेघा उमटल्या. माणसं मुंग्यांसारखी धावू लागली. पोरं खिदळली. चित्र ताळ्यावर आलं तेव्हा मांडवात पंगत बसली होती.

शकुबाईने आपले अंधुक डोळे पदराने पुसले आणि ती आणखी पुढे सरकून बसली.

"आली नाई का वं वरात अजून?"

"येईन," सोमारी म्हणाली. "पाहत राह्य."